आधी निर्णय लिहा, मग मोजणी ठरवा: नान्नजच्या माळासाठी मॉनिटरिंग प्लॅन कसा करायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की सोलापूरजवळच्या माळढोक अभयारण्यात, नान्नज-मार्डी भागातल्या गवताच्या प्लॉटसाठी पुढच्या पाच वर्षांचा मॉनिटरिंग प्लॅन लिहायचाय, वाचायला मिळालं ते सगळं उष्णकटिबंधातल्या घनदाट जंगलांवरचं, त्यात ॲडॅप्टिव्ह मॅनेजमेंट हा शब्द पानोपानी, पण इथल्या माळावर नेमकं काय करायचं ते कुठंच नाही, आणि कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, किती घ्यावेत? शेवटचं आधी सांगतो. कॅमेऱ्यांची ऑर्डर सध्या थांबवा. पैसे मार्चच्या आत खर्च करायचेत वगैरे सगळं मला माहितीय, तरीपण थांबवा.

एक कोरा कागद घ्या. या जमिनीवर पुढच्या पाच वर्षांत वनखात्याला कुठले निर्णय घ्यावेच लागणारेत तेवढे लिहा. गवत कापायचं का, आणि कापायचं तर कधी. मेंढरं आत सोडायची का कायमची बंदी ठेवायची. आग पसरू नये म्हणून जाळरेषा कुठून काढायच्या. मागं कधीतरी लावलेली गिरिपुष्प आणि सुबाभूळ ही झाडं उपटायची का. उन्हाळ्यात पाणवठ्यात टँकरनं पाणी टाकायचं का. मोकाट कुत्र्यांचं काय. आता प्रत्येक निर्णयासमोर लिहा की यात आपल्याला काय माहीत नाही, आणि कुठला आकडा हातात आला तर निर्णय बदलेल. ज्या निर्णयासमोर असा आकडाच सुचत नाही तिथं मोजणी करून उपयोग नाही, तो निर्णय राजकारणावर नाहीतर बजेटवर होणार आहे, होऊ द्या. आणि जी मोजणी कुठल्याच निर्णयासमोर बसत नाही ती प्लॅनमधून काढा. एवढं केलंत की अर्धा प्लॅन तयार.

ॲडॅप्टिव्ह मॅनेजमेंट म्हणजे एवढंच आहे खरंतर. १९७० च्या दशकात कॅनडात सी. एस. हॉलिंग आणि कार्ल वॉल्टर्स या लोकांनी ही पद्धत मांडली, मासेमारी आणि जंगलं अशा ठिकाणांसाठी, जिथं निर्णय तर पुढं ढकलता येत नाही आणि माहिती मात्र कधीच पुरेशी नसते. त्यांचं म्हणणं असं की व्यवस्थापन हाच प्रयोग समजा, काय होईल असं वाटतं ते करण्याआधीच लिहून ठेवा, मग करा, मोजा, आणि अंदाज चुकला तर पद्धत बदला. आपल्याकडं झालंय काय, की ‘परिस्थितीनुसार बदल करू’ असं एक वाक्य आराखड्यात टाकलं की झालं ॲडॅप्टिव्ह. परिस्थितीनुसार बदल तर आपला प्रत्येक शेतकरी करतो, पाऊस लांबला की तूर सोडून ज्वारीचं बघतो. फरक आधी लिहून ठेवण्यात आहे. नाहीतर पाच वर्षांनी जे झालं तेच आपल्याला अपेक्षित होतं असं कोणीही सांगू शकतं, आणि सांगतातच.

या सगळ्याचं भारतातलं सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण राजस्थानातल्या भरतपूरचं आहे, केवलादेव घाना ही पाणथळ. तिथं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९८२ मध्ये चराई बंद केली. गावाच्या म्हशी बाहेर. सगळ्यांना वाटलं आता पक्ष्यांची चंगळ. त्याच काळात बीएनएचएसचा, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा, तिथं लांब पल्ल्याचा अभ्यास चालू होता, म्हणून काय झालं ते कळलं तरी. म्हशी गेल्यावर पाण्यातलं पॅस्पॅलम नावाचं गवत बेफाम वाढलं, उघडं पाणी झाकून गेलं, मासे आणि पाणपक्षी दोघांचीही अडचण झाली. म्हणजे म्हैस तिथं फुकटात गवत काढायचं काम करत होती. आता बघा, चराई बंद करणं हा वेडेपणा नव्हता, त्या वेळी तेच शहाणपणाचं वाटत होतं. पण बंदी आली ती एका फटक्यात सगळ्या पाणथळीवर, शेजारी म्हशी असलेला तुकडा तुलनेला ठेवलाच नाही. चार तळी बंद, चार चालू असं केलं असतं तर दोन-तीन वर्षांत उत्तर दिसलं असतं, आणि गावकऱ्यांशी जो संघर्ष झाला तोही कदाचित टळला असता.

भरतपूर पाणथळ आहे, आपला माळ कोरडाठाक, त्यामुळं ‘तिथं चराई चांगली ठरली म्हणून इथंही सोडा’ असं म्हणायचं नाहीये मला. पण प्रश्न तोच आहे. दख्खनच्या या माळांवर पवन्या, मारवेल, कुसळी ही मुख्य गवतं. जास्त चरलं की पवन्या-मारवेल मागं पडतं, कुसळी पुढं येते, आणखी रगडलं की ॲरिस्टिडासारखी बारीक कुसळाची, जनावर तोंड न लावणारी गवतं आणि एका पावसाची तणं उरतात. हे सगळ्यांना माहितीय. उलट बाजू कमी बोलली जाते. अजिबात चराई-कापणी नसली तर वर्षानुवर्षांचं वाळलेलं गवत साठून जाडजूड थर होतो, नवं कोवळं कमी येतं, आणि आग लागली तर ती आवरत नाही. मार्डीकडचे मेंढके हे आपल्यापेक्षा नीट सांगतात. ‘सायेब, कुसळी पिकायच्या आत चरू दिली तर चारा हाय, पिकल्यावर ती मेंढराच्या कातड्यात घुसती, मग काय उपेग.’ या एका वाक्यात चराई कधी हा प्रश्न येऊन गेला, आणि आपल्या बहुतेक आराखड्यांमध्ये चराई चालू का बंद एवढंच असतं, कधी हा रकाना नसतोच.

आता दुसरी अडचण, कोणासाठी? माळढोकाच्या नराला नाचायला उघडी, आखूड गवताची जागा लागते, चारी बाजूंनी दिसलं पाहिजे त्याला. धाविक तर जवळजवळ उघड्या जमिनीवर राहतो. हिवाळ्यात येणारे भोवत्ये, हे शिकारी पक्षी, मात्र रात्री उभ्या, उंच गवतात जमिनीवर झोपतात, एकाच जागी खूप सारे, ते गवत नोव्हेंबरात कापून टाकलं की गेले. तणमोरालाही उंच गवत लागतं. काळवीट कोवळ्या गवतावर. म्हणजे ‘गवताळ प्रदेशाची जैवविविधता वाढवणे’ हे उद्दिष्ट म्हणून लिहिलंत तर त्याला काही अर्थ नाही, एकाची वाढवली की दुसऱ्याची घटते. उद्दिष्ट असं लिहा की अमुक इतकी जमीन आखूड, अमुक इतकी उंच, पावसाळ्यात विणीच्या वेळी माणूस-कुत्रा-मेंढरू कमीत कमी. मग मोजायला काहीतरी आहे. आणि हे वाटप कसं असावं याचं उत्तर शास्त्रज्ञ देऊ शकत नाही, ते अधिकारी आणि आसपासची गावं यांनी बसून ठरवायचंय.

डिझाइन साधं ठेवा. समजा तुमच्याकडं नऊ तुकडे आहेत. तीन ठिकाणी पावसाळा संपल्यावर ठरावीक मेंढरं ठरावीक दिवस, तीन ठिकाणी फक्त कापणी, तीन जसेच्या तसे. कुठल्या तुकड्याला काय हे चिठ्ठ्या टाकून ठरवा, आरएफओ (वनक्षेत्रपाल) साहेबांना सोयीचं पडतं म्हणून रस्त्याकडेचे तिन्ही कापणीला देऊ नका, रस्त्याकडेला तसंही सगळं वेगळंच असतं. जमीन दोन प्रकारची असेल, वर मुरमाड आणि खाली खोलगटात काळी, तर आधी जमिनीनुसार गट पाडा आणि प्रत्येक गटात चिठ्ठ्या टाका. आणि एक गोष्ट पीएचडीवालेसुद्धा विसरतात. एका तुकड्यात पन्नास क्वाड्रॅट, म्हणजे मोजायच्या चौकटी, टाकले तरी तो एकच तुकडा असतो, पन्नास प्रयोग होत नाहीत.

न चरलेला, न कापलेला तुकडा का हवा? कारण पाऊस. सोलापूरला वर्षाला सरासरी साधारण साडेपाचशे मिलिमीटर, त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात, आणि सरासरीवर जाऊ नका, एका वर्षी तळी फुटायला येतात आणि पुढच्या वर्षी टँकर. चराई सुरू केली त्याच वर्षी पाऊस दणकून झाला तर गवत वाढणारच आणि श्रेय चराईला जाईल. दुष्काळ पडला तर खापर मेंढरांवर. शेजारचा तुकडा तुलनेला असेल तरच पाऊस बाजूला काढता येतो. बदल करायच्या आधीचं निदान एक वर्ष, जमलं तर दोन, नुसतं मोजा, कशालाही हात न लावता. हे वर्ष सगळ्यांना वाया गेल्यासारखं वाटतं, वरून फोन येतात की काम का सुरू नाही, पण नंतरच्या सगळ्या आकड्यांना अर्थ याच वर्षामुळं येतो. आणि प्लॉटवर स्वतःचा पर्जन्यमापक बसवा, तालुक्याचा पाऊस धरू नका, आपल्याकडं एका शिवारात झडून पडतो आणि पलीकडं धूळ उडत असते.

मोजायचं काय? गवतासाठी महागडं काही लागत नाही. एक मीटरची चौकट, खुणा केलेली काठी, आणि गवतं ओळखणारा एक माणूस. उंची, जमिनीचं किती झाकलंय, कुठल्या जातीचं किती, उघडा मुरूम किती. ऑक्टोबरच्या शेवटी एकदा आणि मे महिन्यात एकदा. शिवाय कायमचे फोटो पॉइंट, दगडी खांब रोवून, त्याच खांबावरून त्याच दिशेला त्याच महिन्यात फोटो. दहा वर्षांनी नव्या अधिकाऱ्याला समजवायला तुमचे सगळे ग्राफ एकीकडं आणि हे फोटो एकीकडं.

पक्ष्यांमध्ये चंडोल-कुलातली मंडळी, तितर, लावे, धाविक, पखुर्डी हे धरा. रोजचे, भरपूर, आणि गवताच्या उंचीला लगेच प्रतिसाद देणारे. पद्धत लाइन ट्रान्सेक्ट, म्हणजे ठरलेल्या सरळ रेषेवरून चालत मोजायचं आणि प्रत्येक पक्ष्याचं रेषेपासूनचं काटकोनातलं अंतर लिहायचं. हे अंतर लोक कंटाळा करून सोडून देतात, आणि नेमकं आपल्या माळावर तेच सोडून चालत नाही. उंच गवतात लावा पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. कापलेल्या तुकड्यात तोच लावा लांबून दिसतो. नुसती संख्या घेतलीत तर निष्कर्ष निघणार की कापल्यावर लावे वाढले, आणि प्रत्यक्षात फक्त ते तुम्हाला दिसायला लागले. तुमचा उपाय आणि तुमची नजर दोन्ही एकाच गोष्टीनं बदलतायत, गवताच्या उंचीनं. अंतरं असतील तर किती अंतरापर्यंत किती सुटतात याचा हिशेब करून संख्या दुरुस्त करता येते. त्यासाठी एका जातीच्या साधारण साठ ते ऐंशी नोंदी लागतात, आणि चराई, कापणी, जसंच्या तसं अशा प्रत्येक प्रकारात नजर वेगळी असल्यामुळं त्या प्रत्येक प्रकारासाठी वेगळ्या लागतात. त्यामुळं दुर्मीळ जातीचा नाद सोडा आणि डोंबारी चंडोलासारख्या साध्या पक्ष्यावर गणित बसवा. धाविकाच्या एवढ्या नोंदी मिळणार नाहीत, त्याच्यासाठी त्याच जागेला परत परत जाऊन दिसला-नाही दिसला एवढंच लिहा, त्याचंही गणित आहे, ऑक्युपन्सी म्हणतात. पखुर्डीला ट्रान्सेक्टची गरज नाही, सकाळी ऊन वर आलं की पाण्यावर येतात, तिथं बसून मोजा. भोवत्ये संध्याकाळी झोपायला उतरताना मोजा.

जंगलाच्या पद्धतींमधलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं हेही विचारलंत. तमिळनाडूतल्या मुदुमलाईच्या जंगलात १९८८ पासून बंगळूरच्या आयआयएससी या विज्ञान संस्थेच्या रमण सुकुमार यांच्या गटानं ५० हेक्टरचा कायमचा प्लॉट चालवलाय, एक सेंटिमीटरपेक्षा जाड प्रत्येक झाडाला नंबर. पनामातल्या बारो कोलोरॅडो बेटावर त्याच्याही आधी, १९८० च्या सुमाराला असाच ५० हेक्टरचा प्लॉट सुरू झाला आणि तिथं दर पाच वर्षांनी सगळी झाडं परत मोजतात. त्यांच्याकडून घ्यायची ती चिकाटी, तीच जागा, तीच व्याख्या, वर्षानुवर्षं. पाच वर्षांचं अंतर मात्र घेऊ नका, झाडाला चालतं, गवत एका पावसात चेहरा बदलतं. आणखी एक, जंगलाच्या डोक्यानं बघितलं की माळ म्हणजे उजाड जमीन दिसते आणि मग झाडं लावायची इच्छा होते. माळावरचं गिरिपुष्प त्याच इच्छेतून आलंय. प्लॅनमध्ये प्रति हेक्टरी झाडांची संख्या हा निर्देशक कोणी घातला असेल तर तो उलटा वाचायचा असं ठळक लिहा, इथं वाढ म्हणजे वाईट.

आता माळढोक. अभयारण्य त्याच्या नावाचं, १९७९ चं, सुरुवातीला कागदावर सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर, त्यात गावं, शेतं, रस्ते सगळं, आणि जमिनीच्या व्यवहारांवरच्या बंधनांमुळं लोकांचा राग आला तो याच पक्ष्यावर. नंतर ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. त्यातही खात्याच्या ताब्यातलं गवत तुकड्यातुकड्यात, बाकी शिवार. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेनं २०११ मध्ये पक्ष्याला अतिसंकटग्रस्त ठरवलं, आज जगात दीडशेच्या आसपास किंवा त्याहून कमी, बहुतेक जैसलमेरकडं. आपल्याकडं दिसला की बातमी होते. तर माळढोकांची संख्या हा तुमच्या व्यवस्थापनाचा निर्देशक ठेवू नका. शून्य आणि एक यातल्या फरकावरून कापणी बरोबर का चूक ते सांगता येत नाही. मादी एका विणीत बहुतेक एकच अंडं घालते, आयुष्य लांब, तुमचं काम उत्तम असलं तरी पाच वर्षांत आकडा हलणार नाही. आणि त्याला मारणाऱ्या गोष्टी तुमच्या कुंपणाबाहेर आहेत. विजेच्या तारा, जड पक्षी, समोरची नजर कमी, तार दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. सुप्रीम कोर्टानं एप्रिल २०२१ मध्ये राजस्थान-गुजरातच्या अधिवासात तारा जमिनीखाली घ्यायला सांगितलं, मार्च २०२४ मध्ये तो आदेश बदलून तज्ज्ञांची समिती नेमली, तो वाद वेगळाच. आपल्याकडं शिवाराचं रूप पालटलंय, जिथं रब्बीची ज्वारी आणि पडीक होतं तिथं पाणी आल्यावर ऊस आणि द्राक्षं. नान्नजचं नाव आज द्राक्षामुळं जास्त लोकांना माहितीय, सोनाका ही द्राक्षाची जात इथलीच. मांडवाच्या तारांमध्ये माळढोक काय करणार? शेतकऱ्याला दोष नाही, पण हा बदल मोजायला हवा. दरवर्षी रब्बीत आसपासच्या शिवारात कुठलं पीक किती, नव्या तारा कुठं, नवी विहीर कुठं, एवढा नकाशा सॅटेलाइट फोटो आणि मोटारसायकलवरची एक फेरी यातून होतो. माळढोकासाठी खरं मॉनिटरिंग म्हणाल तर ते हे आहे. दिसला तर जागा, तारीख, गवताची उंची लिहा, आणि जागा बाहेर कोणाला सांगू नका, फोटोवाले येतात.

बुद्ध पौर्णिमेच्या पाणवठ्यावरच्या गणनेबद्दल विचारलंत. ती जरूर ठेवा. मचाणावर रात्रभर चांदण्यात बसून लांडगा पाण्यावर आलेला बघितला की माणूस कायमचा आपल्या बाजूचा होतो, खात्यानं आता तिला निसर्गानुभव म्हणायला सुरुवात केलीय ते बरोबरच आहे. पण ती संख्या तक्त्यात घालू नका. त्या वर्षी अवकाळी झाला तर प्राणी पाणवठ्यावर येतच नाहीत, एकच काळवीट दोन मचाणांवरून मोजलं जातं. पेपरात मात्र दुसऱ्या दिवशी येतं, काळवीट वाढले, लांडगे घटले. राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्रप्रकल्पाचं आठवा, पायाच्या ठशांवरच्या २००४ च्या गणनेत कागदावर डझनाहून जास्त वाघ आणि २००५ च्या सुरुवातीला एकही नाही. त्यानंतरच देशानं ठशांची पद्धत सोडली आणि २००६ पासून दर चार वर्षांनी कॅमेरे आणि सँपलिंगवर वाघ मोजायला सुरुवात केली. तिथं कॅमेरा चालतो कारण प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे. काळविटाला पट्टे नाहीत, त्यामुळं शंभर फोटो म्हणजे शंभर काळवीट का एकच शंभरदा, ते तुम्ही सांगू शकणार नाही.

मोजणार कोण, हा माझ्या मते सगळ्यात मोठा प्रश्न. अधिकारी तीन वर्षांत बदलतो, रिसर्चर प्रोजेक्ट संपला की जातो, वनमजूर आणि मेंढके मात्र तिथंच असतात. म्हणून पद्धत अशी निवडा की वनमजूर, वनरक्षक आणि गावातली दोन शिकलेली पोरं ती न चुकता करू शकतील. गवत ओळखायला मेंढक्याला मानधन द्या, तो आपल्या एमएस्सीवाल्यापेक्षा पटकन आणि वाळलेल्या काडीवरूनही ओळखतो. फॉर्म मराठीत, एका पानाचा. आणि ‘शून्य’ लिहायची सवय लावा. रिकामा रकाना म्हणजे काही दिसलं नाही का कोणी गेलंच नाही, हे पुढं कळत नाही आणि वर्षाची मेहनत पाण्यात. मूळ कागदांचे फोटो त्याच दिवशी, एक्सेल महिन्याला, कॉपी निदान तीन ठिकाणी, एकाच साहेबाच्या लॅपटॉपवर नको.

आणि मीटिंग. वर्षातून एकदा, सप्टेंबरात, म्हणजे कापणीचा आणि चराईचा निर्णय व्हायच्या आधी. अहवाल मार्चमध्ये येत असेल तर तो कितीही चांगला असो, त्याच्यावर काही ठरत नाही. मीटिंगला आरएफओ, वनपाल, मेंढक्यांचे दोघं, दोन-तीन सरपंच, मोजणारी पोरं. समोर एक पान, गेल्या वर्षी काय होईल असं लिहिलं होतं आणि काय झालं. आकड्यांच्या सीमा आधीच ठरलेल्या पाहिजेत, उदाहरणार्थ चरलेल्या तुकड्यांत पवन्याचं प्रमाण तुलनेच्या तुकड्यांपेक्षा सलग दोन वर्षं बरंच खाली गेलं तर मेंढरं निम्मी, तिसऱ्या वर्षीही गेलं तर बंद. ‘बरंच’ म्हणजे किती टक्के ते पहिल्या वर्षीच मेंढक्यांसमोर लिहून सह्या घ्या. मग बंद करताना भांडण कमी होतं, आणि उलटपक्षी आकडे चांगले आले तर बंदी उठवताना साहेबालाही कागदाचा आधार मिळतो, नाहीतर अभयारण्यात चराई सोडली म्हणून चौकशी त्याच्यावरच. कायद्याची परवानगी कोणाची लागते ते डीसीएफ (उपवनसंरक्षक) ऑफिसात आधी विचारून घ्या, प्रयोग म्हणून लेखी परवानगी असल्याशिवाय एकही मेंढरू आत घेऊ नका.

राहिले कॅमेरे. निर्णयांच्या यादीत कुत्र्यांचा प्रश्न असेल, आणि नान्नजला तो असणारच, तर थोडे घ्या. जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्यांच्या अंड्यांना आणि काळविटाच्या पाडसांना मोकाट कुत्र्यांचा त्रास मोठा आहे, शिवाय लांडगा आणि खोकडाला त्यांच्यापासून रोग लागतात. गावाकडून माळावर येणाऱ्या पायवाटांवर, चरांच्या फटींवर लावा, जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीवर, समोरचं गवत थोडं साफ करून, नाहीतर वाऱ्यानं हलणाऱ्या काड्यांचे हजारो फोटो बघत बसाल. प्रश्न एवढाच ठेवा, कुत्री कुठल्या गावाकडून, कुठल्या महिन्यात, किती आतपर्यंत येतात, म्हणजे नसबंदीची गाडी आधी कुठल्या गावात पाठवायची ते ठरेल. कॅमेऱ्यांचा आकडा पायवाटा मोजल्यावर आपोआप निघेल, आणि चोरीला जाणार ते धरून दोन जास्तीचे.